बोथाटीचे टोक

सभागृहात दोन नेत्यांची तोंडातोंडी झाली, की इंग्रजी वृत्तपत्रे तिला ‘व्हर्बल स्पॅरिंग’ म्हणतात. मराठीत तीच बातमी ‘शाब्दिक चकमक’ होऊन येते. चकमक म्हटली की ठिणगी आली, शत्रू आला, समोरच्याला घायाळ करण्याचा हेतू आला. ‘स्पॅरिंग’ हा शब्द ज्या बॉक्सिंगच्या खेळातून सगळीकडे गेला, तिथे मात्र त्याचा अर्थ जवळजवळ याच्या उलट आहे. तिथे दोन माणसे एकमेकांवर ठोसे चालवतात ती एकमेकांना तयार करण्यासाठी. गुण मांडले जात नाहीत, कोणाचा हात उंचावला जात नाही, आणि घंटा झाल्यावर दोघेही उद्या पुन्हा त्याच वेळी येणार असतात. हा फरक कोशकारांपुरता असता तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. पण सरावाच्या झुंजीला आणि भांडणाला एकाच नावाने हाक मारली, की पहिली गोष्ट विस्मरणात जाते आणि दुसरीला फुकटची प्रतिष्ठा मिळते. स्पॅरिंगचा अर्थ ठोशापेक्षा ठोशाच्या मापात जास्त आहे, हे माप दोघांनी आधी कबूल केलेले असते, आणि ते सुटले की स्पॅरिंग संपते, असे मला मांडायचे आहे. हे मांडताना पुरावे थोडे इंग्लंडचे, थोडे जपानचे आणि बरेचसे आपल्याच मातीतले येतील.

इंग्रजीत हा शब्द कोंबड्यांच्या झुंजीतही वापरला जाई. झुंजीच्या कोंबड्यांना सराव देताना त्यांच्या पायाच्या मागच्या टोकदार नखीवर कातड्याचे वेष्टण चढवीत, म्हणजे कोंबडे उडून झेपावत, लाथा मारीत, पण रक्त निघत नसे. अठराव्या शतकात तो माणसांच्या मुष्टियुद्धाला चिकटला, आणि तिथेही गोष्ट वेष्टणाचीच निघाली. जॅक ब्रॉटन हा त्या काळचा लंडनचा नामांकित मुष्टियोद्धा. १७४३ साली त्याने या खेळाचे पहिले लेखी नियम केले. पुढे त्याने सभ्य गृहस्थांना मुष्टियुद्ध शिकवायला सुरुवात केली, तेव्हा एक अडचण उभी राहिली. काळानिळा डोळा आणि फुटलेले नाक घेऊन हे गृहस्थ घरी कसे जाणार? त्यावर त्याने हातांवर चढवायच्या मऊ भरावाच्या पिशव्या काढल्या. त्यांना ‘मफलर’ म्हणत. खऱ्या लढती त्यानंतरही शंभराहून अधिक वर्षे उघड्या मुठींनीच होत राहिल्या, आणि १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी हातमोजे लढतीत आणले. आज बॉक्सिंग म्हटले की डोळ्यांपुढे येणारा तो फुगीर हातमोजा मुळात सरावाच्या खोलीत जन्मला. समोरच्याला इजा होऊ नये म्हणून शोधलेली वस्तू पुढे त्या खेळाची ओळख बनली.

आपल्याकडे हे तत्त्व वेगळे शिकवण्याची गरज नव्हती. कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळांत फरी-गदगा आहे. तलवारीऐवजी कातडे मढवलेली काठी म्हणजे गदगा आणि हातात धरायची छोटी ढाल म्हणजे फरी. वार तलवारीचेच, पवित्रे तलवारीचेच, फक्त पाते नाही. त्याहून बोलका शब्द म्हणजे बोथाटी. घोड्यावरून भाला खेळायचा सराव करताना टोकाला पोलादी पाते न लावता कापडाचा गोळा बांधत. तो रंगात बुडवलेला असला तर वार कुठे बसला याची खूण अंगावर उमटे. बोथट या शब्दाशी नाते सांगणारे हे नाव स्पॅरिंगची सगळी कल्पना तीन अक्षरांत सांगून जाते. घोडा भरधाव आहे, स्वार पट्टीचा आहे, नेम खराखुरा आहे. टोक तेवढे जाणूनबुजून बोथट केले आहे. जपानमध्ये अठराव्या शतकात तलवारबाजी शिकणाऱ्यांनी बांबूची तलवार आणि अंगावरचे चिलखत वापरायला सुरुवात केली ती याच कारणासाठी. लंडन, कोल्हापूर आणि जपान यांनी एकमेकांकडून हे घेतल्याचे काही दिसत नाही. ज्यांना खरोखर लढायचे होते, त्या सगळ्यांना एकच गोष्ट आपापली सुचली: हत्याराची धार काढल्याशिवाय रोज लढता येत नाही, आणि रोज लढल्याशिवाय लढणे येत नाही.

तालमीत हे अधिक जवळून दिसते. ताक, तेल, हळद आणि लिंबू मुरलेल्या तांबड्या मातीच्या हौद्यात थोरला पैलवान धाकट्याला अंगावर घेतो. मैदानात त्याने ज्याला क्षणात चीत केले असते, त्याला तो इथे खेळवतो. पट काढू देतो, अर्ध्यावर पाय मागे ओढून घेतो, पुन्हा उभा राहतो. तिसऱ्या वेळी पोराचा हात बरोबर गुडघ्यामागे पडला, की तो पडूनही दाखवतो, आणि चौथ्या वेळी त्याच पकडीवर कसा उलटा डाव बसतो तेही दाखवतो. पाठ लागली म्हणून कुस्ती सुटत नाही. माती झटकून दोघे पुन्हा हात मिळवतात. कडेला बसलेले वस्ताद जिंकणाऱ्याकडे बघत नसतात, कोणाची मान सैल पडते आणि कोणाचा श्वास तोंडाने चालला आहे याकडे त्यांची नजर असते. बॉक्सिंगच्या रिंगणातही हेच घडते. प्रशिक्षक सांगतो, आजच्या तीन मिनिटांत फक्त डावा हात. किंवा, याने मारायचे, त्याने नुसते चुकवायचे. लढतीत आठ किंवा दहा औंसांचे हातमोजे असतात, तर सरावात बहुधा सोळा औंसांचे, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. त्या वजनाने मारणाऱ्याचा खांदा अधिक दमतो आणि खाणाऱ्याचा जबडा वाचतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो खेळातल्या जाणत्यांचाच असतो. असा हात राखून केलेला सराव खोटा आत्मविश्वास देतो, खरा मार खाल्ल्याशिवाय खरी लढत कळत नाही, असे ते म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे. मल्लखांबावर आयुष्य घालवले तरी कुस्ती येणार नाही, कारण खांब उलटून डाव टाकत नाही. वाळूची पिशवीही ठोसा परत करत नाही. विरोध हवाच. प्रश्न एवढाच आहे की तो किती आणि कशात हवा. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ साली कोडोकान ही ज्युदोची संस्था स्थापन केली, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता. जुन्या जुजुत्सूत सांधे निखळवणारे आणि जीवघेणे असे डाव होते. ते इतके धोक्याचे, की जोडीदारावर पूर्ण ताकदीने करून बघणे अशक्य. मग ठरलेल्या हालचाली ठरलेल्या क्रमाने करणे, एवढेच बहुधा हाती उरे. कानोंनी सर्वांत घातक डाव मोकळ्या सरावातून बाजूला काढले आणि उरलेले फेकण्या-पकडण्याचे डाव पुऱ्या जोराने, पुऱ्या विरोधाविरुद्ध करायला लावले. त्या मोकळ्या सरावाला रांदोरी म्हणतात. घातकपणा कमी केल्यामुळे त्यांच्या शिष्यांचा सराव अधिक खरा झाला, कारण समोरचा माणूस आता खरोखर झगडत होता आणि खांदा शाबूत ठेवून उद्याही झगडायला येणार होता.

खाशाबा जाधव यांची गोष्ट या आक्षेपाला दुसऱ्या बाजूने उत्तर देते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा मातीत तयार झालेल्या या मल्लाला गादीवरची कुस्ती आणि तिचे नियम नवे होते. फ्लायवेट गटात ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले, आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. लंडनमध्ये त्यांना कमी पडला तो सराव मार खाण्याचा नव्हता, पायाखालच्या पृष्ठभागाचा आणि नियमांचा होता. सराव खऱ्यासारखा असावा हे म्हणणे बरोबर आहे, पण त्यात काय खऱ्यासारखे हवे ते निवडून घ्यावे लागते. अंतर, वेग, नियम, दमछाक, समोरच्याचा अनपेक्षितपणा हे सगळे हवे. हाड मोडणे त्यात येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही. स्पॅरिंगला मापाची लढत म्हणायचे, तर मग त्यात इतकी माणसे उद्ध्वस्त का झाली? १९२८ साली हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी विकृतितज्ज्ञाने डोक्याला वारंवार मार बसलेल्या मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूविकारावर एक निबंध प्रसिद्ध केला. अडखळती चाल, जड जीभ, मंद होत जाणारे मन अशी लक्षणे त्यात नोंदली होती. या विकाराला बळी पडणाऱ्यांत त्याने दुय्यम दर्जाच्या अशा मुष्टियोद्ध्यांचा खास उल्लेख केला, ज्यांना इतरांच्या सरावासाठी वापरले जाई आणि जे दिवसातून अनेकदा खाली पडत. ही स्पॅरिंग पार्टनर मंडळी होती. लढतीत निदान पंच असतो, फेऱ्या मोजलेल्या असतात, वर्षाला ठराविक सामने असतात. सरावाच्या खोलीत ते काही नसते. पोटासाठी उभा राहिलेला माणूस ‘जरा हळू’ म्हणू शकत नाही, कारण तसे म्हणणाऱ्याला उद्या कोणी बोलावत नाही. महंमद अली याला सरावात दोरांना टेकून जोडीदारांचे ठोसे मुद्दाम खाण्याची सवय होती. १९७४ मध्ये किन्शासात फोरमन या मुष्टियोद्ध्याविरुद्ध ती त्याच्या कामी आली, असे मानले जाते. पण १९८४ साली त्याला पार्किन्सनचे निदान झाले, आणि लढतींबरोबर सरावातल्या त्या हजारो ठोशांचाही हिशेब लोक करू लागले. कोणत्या ठोशाने काय केले हे कोणी सिद्ध करू शकत नाही. मेंदू मात्र सराव आणि सामना असा भेद करत नाही, एवढे नक्की. डोक्यावरच्या संरक्षक टोपीवर विसंबण्यातही अर्थ नाही. ती जखम आणि खोक वाचवते, कवटीच्या आत मेंदूला बसणारा हादरा थांबवत नाही. हौशी बॉक्सिंगच्या जागतिक संघटनेने २०१३ पासून वरिष्ठ पुरुषांच्या लढतींतून ती काढूनच टाकली.

तरीही मार्टलँडचा पुरावा माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातो असे मला वाटत नाही. त्याने वर्णन केलेल्या प्रसंगात कबुली एकतर्फी आहे. एकाला माप ठरवण्याचा अधिकार आहे आणि दुसऱ्याला नाही. त्याला स्पॅरिंग म्हणणे हीच मूळ फसवणूक होती. नाव सौम्य असल्यामुळे त्या मोलाने लावलेल्या माणसांकडे कोणी डॉक्टर पाठवला नाही, त्यांच्या फेऱ्या कोणी मोजल्या नाहीत. म्हणून शब्द नेमका वापरण्याचा आग्रह हा केवळ भाषाशुद्धीचा प्रश्न राहत नाही. ज्या खोलीत दुर्बल माणसाला थांबा म्हणता येत नाही, तिथे जे चालते त्याला मारहाण म्हणावे. याउलट थायलंडमधले मुए थाई खेळाडू वारंवार लढतात, म्हणून त्यांच्याकडे ठोसे-लाथांचा सराव बहुधा हलक्या हाताने, कधी हसतखेळत होतो. दुखापत झाली तर पुढच्या लढतीची बिदागी बुडणार, हे दोघांनाही कळत असते. अमेरिकेतला मिश्र युद्धकलेचा विजेता मॅक्स हॉलोवे याने तर अलीकडच्या काळात मोठ्या लढतींपूर्वीही स्पॅरिंग बंद केल्याचे उघडपणे सांगितले. मात्र त्याआधीची कित्येक वर्षे त्याने स्पॅरिंगच केले होते, हे विसरून नव्या मुलांनी त्याची नक्कल करू नये.

जोडीदाराला यातून काय मिळते, हाही विचार व्हायला हवा. पैसे मिळतात, ते खरेच. पण स्पॅरिंगमध्ये ज्ञान दोन्ही दिशांना वाहते. लॅरी होम्स हा अलीच्या पेनसिल्व्हेनियातल्या सराव शिबिरात त्याच्यापुढे उभा राहणारा तरुण होता. तिथे त्याने मार खाल्ला, तसा अलीचा डावा हात कसा सुटतो आणि पाय कधी जड होतात हेही पाहिले. २ ऑक्टोबर १९८० रोजी लास व्हेगसमध्ये दोघे खरोखर समोरासमोर आले, तेव्हा होम्स जगज्जेता होता. दहा फेऱ्यांनंतर अलीच्या बाजूच्या माणसांनीच लढत थांबवली. जिंकल्यावर होम्स रडला. बुद्धिबळातही हाच धागा सापडतो. २०१० साली सोफियात व्हेसेलिन टोपालोव्हविरुद्ध जगज्जेतेपद राखल्यावर विश्वनाथन आनंदने सांगितले, की तयारीत त्याला कास्पारोव, क्रामनिक आणि तरुण मॅग्नस कार्लसन यांची मदत झाली होती. २०१३ मध्ये चेन्नईत कार्लसननेच त्याच्याकडून ते पद घेतले. या दोन्ही प्रसंगांत विश्वासघात कोणी केला नाही. सरावात स्वतःला उघडे करावे लागते, आणि उघडे झालेले समोरच्याला दिसणारच. ही किंमत ठाऊक असूनही मोठे खेळाडू तगडा जोडीदार शोधतात, कारण दुबळ्यापुढे उभे राहून काहीच शिकायला मिळत नाही.

आता पुन्हा शब्दांकडे. मराठीला या बाबतीत दारिद्र्य नाही, उलट बारीक भेद दाखवणारे शब्द तिच्याकडे भरपूर आहेत. कुस्ती लागल्यावर पैलवान आधी एकमेकांचे हात अजमावतात, मान धरून बघतात, सोडतात. ती खडाखडी. प्रेक्षकांना खरी भासवून आतून ठरवलेली ती नुरा कुस्ती. नुरा कुस्ती आणि सराव या दोन्हींत कोणी कोणाला जिंकायला झगडत नाही, पण नुरा कुस्ती तिकीट काढून आलेल्या माणसाला फसवते आणि सराव कोणालाच फसवत नाही. न्यायशास्त्राने बोलण्याच्या लढतीचे केलेले तीन भाग तर आजही वापरात आणावेत इतके नेमके आहेत. खरे काय ते ठरवण्यासाठी गुरू, शिष्य, सहाध्यायी एकमेकांशी करतात तो वाद. जिंकण्यासाठी केलेला तो जल्प. स्वतःची बाजू न मांडता समोरच्याचे नुसते खोडत राहणे ती वितंडा. न्यायसूत्रांनी जल्प आणि वितंडा यांना वाळीत टाकले नाही. कोवळ्या कोंभांभोवती काटेरी कुंपण घालतात तशी त्यांची गरज सांगितली. पण कुंपणाला कोणी पीक म्हटले नाही. आपण मात्र ‘वाद’ हा शब्द भांडणाला देऊन टाकला, आणि दूरचित्रवाणीवरच्या वितंडेला ‘चर्चा’ म्हणू लागलो.

कलगीतुऱ्याचेही असेच झाले. शिव थोर की शक्ती थोर यावर तुरेवाले आणि कलगीवाले शाहीर एकमेकांना कूट सवाल घालीत, रात्र रात्र फड रंगे. कोकणात शक्ती-तुऱ्याच्या रूपाने ही परंपरा अजून जिवंत आहे. तिथे दोन पक्ष एकाच मंडपात येतात. समोरचा शाहीर आला नाही तर आपले गाणेही होत नाही. त्याच्या सवालाने आपला अभ्यास वाढतो. ज्या शब्दात इतके परस्परावलंबन भरले होते, तो आज दोन पुढाऱ्यांनी एकमेकांची उणीदुणी काढली की मथळ्यात येतो. गंमत म्हणजे डॅनिश आणि नॉर्वेजियन भाषांत स्पॅरिंग हा शब्द नेमका उलट दिशेने गेला. तिथे कचेरीत एखादी योजना सहकाऱ्यापुढे ठेवून, त्याच्या शंका घेऊन ती तावूनसुलाखून घेणे याला स्पॅरिंग म्हणतात. शब्द तोच, पण त्यांनी त्यातला जोडीदार ठेवला आणि आपण ठोसा ठेवला.

शब्दांचे अर्थ बदलतात, वापर हाच त्यांचा मालक, तेव्हा कुरकुर कशाला, असे कोणी म्हणेल. एरवी मी हे मान्य केले असते. पण इथे जुन्या अर्थाची जागा घेणारा नवा शब्द आलेला नाही. दोन विद्यार्थी अभिरूप न्यायालयात एकमेकांचे युक्तिवाद तोडतात, मार्गदर्शक प्रबंधातल्या प्रत्येक विधानावर मुद्दाम अडवतो, गायक तबलजीला लयीत कोंडीत पकडतो आणि समेवर दोघे हसतात. या सगळ्याला नाव हवे, कारण नाव नसलेली गोष्ट मागता येत नाही. ‘माझ्याशी भांड’ असे कोणी सहकाऱ्याला सांगत नाही. ‘माझ्या म्हणण्याशी जरा झुंजून बघ, पण हात राखून’ असे म्हणायची सोय भाषेत असली, तर माणसे तसे म्हणतील.

तेव्हा बातम्या लिहिणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या अधिवेशनात दोन पक्ष एकमेकांवर तुटून पडतील, तेव्हा त्याला भांडण म्हणा. आतून ठरलेले असेल आणि तसा पुरावा हाती असेल, तर नुरा कुस्ती म्हणा. स्पॅरिंग, खडाखडी, कलगीतुरा हे शब्द मात्र त्या दोघांसाठी राखून ठेवा, ज्यांनी भाल्याच्या टोकाला आधी कापडाचा गोळा बांधला आहे.